तैलरंगातली पानं सपाट दिसतायत, मदत हवी आहे

राणीच्या बागेतल्या वडाच्या एका फांदीचं तैलचित्र करतेय. कॅनव्हास 12 बाय 16 इंच, रंग विद्यार्थ्यांसाठीचे, सोबत जवसाचं तेल. रेखाटन तिथेच बसून केलं, रंगकाम घरी फोटोवरून. दिवसाच्या उजेडात काढलेला चित्राचा फोटो जोडलाय.

लांबून पाहिलं की सगळी पानं एकच हिरवा गोळा वाटतात. ट्यूबमधला सॅप ग्रीन सोडून अल्ट्रामरीन निळा आणि कॅडमियम यलो मिसळून पाहिले, सावलीत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला. हिरवे सुधारले, खोली काही आली नाही. बागेत बसले होते तेव्हा आभाळाकडे तोंड असलेली पानं निळसर दिसत होती आणि ज्यांच्यातून ऊन आरपार येत होतं ती पिवळी झळकत होती. किती सुंदर होतं ते! ज्या फोटोवरून रंगवतेय, त्यात नेमकं तेच हरवलंय. चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहिला, तर उजेड-सावलीत जेमतेम फरक. ओल्यावर ओलं लावलं की रंग गढूळ होतो, आणि या पावसाळी हवेत थर वाळता वाळत नाही.

खोड मनासारखं जमलंय, त्याला हात लावायचा नाही.

मग आता वाळलेल्या थरावर ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) देऊन सावल्या गडद करू, की पानं खरवडून आधी मोठे गडद आकार मांडू?