मदत हवी आहे: जिम्नॅस्टिक्सचं लँडिंग आणि लेकीच्या टाचा

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. लेक ११ वर्षांची, गंगापूर रोडकडच्या एका क्लबमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकते. दिवाळीपासून तिच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी उठली की चवड्यांवर चालते. डॉक्टरांनी सेव्हर्स डिसीज सांगितला. टाचेच्या हाडाची वाढ जिथे होते त्या कूर्चेवर ताण येतो, वाढ पूर्ण झाली की दुखणं जातं. घाबरू नका, पण उड्या कमी करा, म्हणाले.

अडचण अशी की सर सारखं सांगतात, "गुडघे वाकवू नकोस, मार्क जातात." मी बारावीला फिजिक्स शिकवते, मला हे पटत नाही. शरीर १ मीटर खाली येऊन पुढच्या १० सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बल वजनाच्या ११ पट होतं. तेच ४० सेंटीमीटरमध्ये थांबवलं तर साडेतीन पट. ३० किलोच्या पोरीसाठी केवढा फरक आहे हा! आणि ही सरासरी झाली, क्षणभराचा कमाल धक्का त्याहून मोठा. त्यात हॉलमध्ये कोब्यावर पातळ मॅट.

वाकून उतरलं तर खरंच गुण कापतात का? आणि सराव पूर्ण बंद करायचा का? ती ऐकायला तयार नाही, रडते.

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं मुलींना शिकवतोय. गुडघे वाकवू नका असं नियमात कुठेच नाही. लहान पाऊल पडलं तर ०.१, मोठं पडलं तर ०.३, मूल खालीच पडलं तर १.०, आणि अगदी खोल बैठक झाली तर ०.५ जातात. त्या बैठकीच्या अलीकडे वाकायला भरपूर जागा आहे. आधी चवडे, लगेच टाचा, आणि घोटा-गुडघा-खुबा तिन्ही एकदम वाकले पाहिजेत. कंबर मागे, छाती वर. पाय खुब्याएवढे अंतर ठेवून टेकवले आणि उभं राहताना टाचा जुळवल्या तर काही कापत नाहीत, मुलांना हे कुणी सांगतच नाही. तिचे गुडघे आत वळतात का, ते समोरून व्हिडिओ काढून बघा. वळत असतील तर ते टाचेपेक्षा गंभीर आहे, लिगामेंटवर येतं.

सराव बंद करू नका, उतरणं कमी करा. बारवरचे स्विंग, हँडस्टँड, पोटाचे व्यायाम चालू राहू देत. उड्या सुरुवातीलाच घ्यायला सांगा, मांड्या दमल्या की पाय ताठ पडतात. पोटऱ्या रोज ताणायच्या, सरावानंतर बर्फ. दुखून लंगडत असेल त्या दिवशी मात्र एकही उडी नको.

मूळ लेखिका:
दादा, मनापासून आभार. गुण कशाचे जातात ते कागदावर लिहून शनिवारी सरांना भेटते. स्पर्धेत २० सेंटीमीटर जाडीचे मॅट असतात असं वाचलं. आम्ही पाच-सहा पालक मिळून तसा एक घ्यायला तयार आहोत. नाशकात कुणी घेतलाय का? फोम किती घट्ट घ्यावा?