मदत हवी आहे: मुलगी सत्राला यायला तयार नसताना फॅमिली थेरपीची कोणती पद्धत निवडावी?

आमच्या घरात मी, पत्नी आणि सोळा वर्षांची मुलगी असे तिघेच आहोत. गेले वर्षभर मायलेकींमध्ये अबोला आहे आणि निरोप्याचे काम माझ्याकडे आले आहे. "बाबा, आईला सांग, मला उशीर होईल," हे पत्नी शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना मला सांगितले जाते, आणि मी ते इमानेइतबारे पोहोचवतोही. आम्ही दोन थेरपिस्टांना भेटलो. दोघांच्या पद्धती इतक्या वेगळ्या निघाल्या की निर्णय होत नाही.

पहिल्या बाई साल्व्हादोर मिनुचिन यांच्या संरचनात्मक पद्धतीने काम करतात. मुलगी आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. त्यांनी तिला बाजूला बसवले, आम्हा नवराबायकोला समोरासमोर घेतले आणि मुलीने रात्री किती वाजेपर्यंत घरी यावे, हे तिथेच त्यांच्यादेखत ठरवायला सांगितले. आईवडिलांची फळी एक हवी आणि मुलाने त्या दोघांच्या मध्ये उभे राहू नये, हा त्यामागचा विचार मला पटला, पण ती पंधरा मिनिटे फार जड गेली. त्यानंतर मुलीने पुन्हा येण्यास साफ नकार दिला.

दुसरे थेरपिस्ट मरे बोवेन यांची मांडणी मानतात. त्यांनी आमच्या तीन पिढ्या कागदावर काढल्या: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ आणि जिथे वितुष्ट तिथे नागमोडी रेघ. माझे वडील आणि काका यांच्यात तशी रेघ आली आणि त्या दोघांचे निरोप आजी पोहोचवत असे, हे मला तो कागद समोर आल्यावरच आठवले. दोघांमधला ताण वाढला की तिसरा ओढला जातो, या त्रिकोणातल्या एकानेही आपली वागणूक बदलली तर बाकीच्यांना हलावेच लागते, म्हणून मुलगी आली नाही तरी काम सुरू करता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट मला खटकते. तिथे मला शांतपणे बसून आजीबद्दल बोलता येते. पहिल्या ठिकाणी पत्नीच्या डोळ्याला डोळा देऊन बोलावे लागले होते. पत्नीला अर्थातच पहिल्या बाई पसंत आहेत.

मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक पद्धतीबद्दलही वाचले. तीत समस्येला माणसापासून वेगळे काढून नाव देतात, त्यामुळे मुलीला आपण आरोपी आहोत असे वाटणार नाही, अशी आशा आहे.

ज्यांनी यांपैकी एखादी पद्धत अनुभवली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांना विचारायचे आहे: आधी मी एकट्याने किंवा आम्ही दोघांनी बोवेन पद्धतीने सुरुवात करून, मुलगी तयार झाल्यावर संरचनात्मक सत्रांकडे वळणे योग्य ठरेल का? की मध्येच थेरपिस्ट बदलल्याने गोंधळ वाढतो? आणि तोपर्यंत निरोप पोहोचवणे मी उद्यापासूनच थांबवावे, की तेही थेरपिस्टांशी बोलूनच करावे?