घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशी साखर 98 ते 131, याचा अर्थ कसा लावायचा?

वेताळटेकडी

नमस्कार. वय 44, पुरुष, कंबर 94 सेंमी, बैठं काम, व्यायाम जवळपास नाही, आईला मधुमेह. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं यातलं काही नाही. आठवडाभर सकाळी सव्वासहाला घरच्या मीटरवर घेतलेले आकडे (सगळे मिग्रॅ प्रति डेसिलिटर): 109, 118, 104, 131, 112, 98, 121. जेवणानंतर दोन तासांनी: 146, 139, 162 आणि पुरणपोळीच्या दिवशी 171. रात्रीचं जेवण पावणेअकराला संपतं.

प्रश्न असे:
131 आला म्हणजे मधुमेह झाला का?
एकाच मिनिटात दोन बोटांवर 112 आणि 126 आले. खरा कुठला धरायचा?
झोपताना 105 आणि सकाळी काही न खाता 118, हे कसं?
लॅबमध्ये नेमकी कोणती चाचणी करायची?

राखाडी_बूच

सुरुवात घड्याळापासून करू. पावणेअकरा ते सव्वासहा हे साडेसात तास होतात. उपाशी साखरेला किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही जायला नको. म्हणजे तुमचे सातही आकडे काटेकोर अर्थाने उपाशीपोटीचे नाहीत. फरक फार पडणार नाही, पण जेवण साडेनऊला आणा किंवा सात-सव्वासातला टोचा.

जाता जाता, लॅबवाल्यांचा उपवास म्हणजे एकादशीचा उपवास नव्हे. साबुदाणा, केळं, दूध, बिनसाखरेचा चहा, सगळं बाद. असे नमुने रोज येतात म्हणून सांगतोय.

आता 112 आणि 126. मीटर बिघडलेला नाही. आयएसओ 15197 हे 2013 चं मानक असं सांगतं: लॅबचा आकडा 100 च्या खाली असेल तर मीटरने 15 अंकांच्या आत राहायचं, 100 किंवा वर असेल तर 15 टक्क्यांच्या आत, आणि तेही शंभरातल्या 95 वेळा. तुमचा 131 घ्या. मीटर पूर्ण नियमात असला तरी खरी साखर 115 असू शकते आणि 150 सुद्धा. त्यामुळे एकट्या 131 चा अर्थ लावत बसू नका. सात आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला 112 येतो. तुमच्याविषयी तोच जास्त खरं बोलतो.

टोचण्याची पद्धत, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो:

हात साबणाने धुवा, शक्यतो कोमट पाण्याने, आणि पूर्ण कोरडे करा. ओल राहिली तर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. आंबा कापल्यावर किंवा केळं सोलल्यावर न धुतलेल्या बोटावर आकडा शेकड्यात वाढू शकतो, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर नीट जात नाही. पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका आणि दुसरा वापरा. स्पिरिट लावलंच तर वाळू द्या.

पट्टी आधी मीटरमध्ये घाला, मग टोचा. मधलं बोट किंवा अनामिका, पेराच्या मधोमध न टोचता कडेला, दुखतंही कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून अर्धा मिनिट थांबा आणि तळव्याकडून बोटाकडे हलकेच दाबत या. टोक पिळू नका, रक्तात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं. पट्टीने थेंब स्वतः ओढून घेतला पाहिजे. कमी पडला म्हणून वरून दुसरा थेंब लावलात तर ती पट्टी वाया गेली असं समजा.

अनामिका

(माझ्या नावाच्या बोटावर अन्याय होतोय, असो.)

आकड्यांच्या रेषा सांगते. सगळे आकडे शिरेतून काढलेल्या रक्ताचे, लॅबमध्ये केलेले धरा:

उपाशी: 100 च्या आत ठीक, 100 ते 125 मधुमेहपूर्व, 126 किंवा जास्त मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना मधुमेहपूर्व 110 पासून मोजते, म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगताना दिसतील.
75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी: 140 च्या आत ठीक, 140 ते 199 मधुमेहपूर्व, 200 किंवा जास्त मधुमेह.
एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, टक्क्यांत): 5.7 च्या आत ठीक, 5.7 ते 6.4 मधुमेहपूर्व, 6.5 किंवा जास्त मधुमेह.
केव्हाही काढलेली साखर 200 किंवा जास्त आणि सोबत तहान, लघवी, वजन घटणं अशी ठळक लक्षणं: मधुमेह.

लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दोन लागतात. एकाच नमुन्यात उपाशी 128 आणि एचबीएवनसी 6.7 निघालं तर झालं. एक रेषेच्या वर आणि एक खाली असेल तर वर गेलेली चाचणी पुन्हा करायची.

तुमच्या घरच्या आकड्यांवरून 'मधुमेह आहे' म्हणता येत नाही. 'काही नाही' असंही म्हणता येत नाही. 112 च्या आसपास फिरणारी उपाशी साखर मधुमेहपूर्व टप्प्याकडे बोट दाखवते. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या भारतीय जोखीम गुणांकनात 35 ते 49 वयाचे 20, पुरुषाची कंबर 90 ते 99 सेंमी असेल तर 10, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे 30, एका पालकाला मधुमेह असल्याचे 10. तुमचे झाले 70. साठ किंवा वर असेल तर जोखीम जास्त धरतात. तेव्हा लॅब टाळू नका.

सकाळच्या 118 बद्दल. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन थोडं वाढतं आणि हिशेब जुळतो. इन्सुलिन नीट लागू पडत नसेल तर सकाळचा आकडा झोपतानाच्या आकड्याच्या वर जातो. म्हणून 'रात्री काहीच खाल्लं नाही तरी वाढली कशी' याचं उत्तर ताटात शोधू नये. अपुरी झोप आणि उशिराचं जड जेवण यात भर घालतात.

वाटीभर_वरण

सोपा उपाय सांगतो. चाचणीआधी पाच दिवस भात, पोळी, साखर पूर्ण बंद. रिपोर्ट छान येतो.

अनामिका

वरणदादा, हा सल्ला कृपया कुणी घेऊ नका. ग्लुकोज प्यायच्या चाचणीआधी किमान तीन दिवस रोजच्यासारखं खायचं असतं, दिवसाला 150 ग्रॅम तरी कर्बोदकं. पिठूळ पदार्थ बंद केल्यावर शरीर एकदम आलेल्या साखरेला हळू उत्तर देतं आणि दोन तासांचा आकडा उलट फुगतो. उपाशी साखर कदाचित पाच-दहाने खाली दिसेल, एचबीएवनसी पाच दिवसांत हलणार नाही. म्हणजे तीन रिपोर्ट तीन दिशांना. रिपोर्ट छान आणायचा नसतो, खरा आणायचा असतो.

वाटीभर_वरण

मान्य. मागे घेतो. पण मग पीपी (जेवणानंतरची साखर) आणि ग्लुकोजची चाचणी एकच ना?

राखाडी_बूच

नाही, आणि इथे लॅबमध्येही घोळ होतो. 'फास्टिंग-पीपी' सांगितलं की उपाशी रक्त काढतात, घरी जाऊन जेवून या म्हणतात. कुणी दोन इडल्या खातो, कुणी मिसळपाव. त्या आकड्याला निदानाची रेषा लावता येत नाही. 140 आणि 200 या रेषा ग्लुकोजच्या चाचणीच्या आहेत. लॅबला स्पष्ट सांगा: 75 ग्रॅम ग्लुकोज, 250 ते 300 मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे, तोवर बसून राहायचं, फेऱ्या नाहीत, सिगरेट नाही. उलटी झाली तर चाचणी रद्द, पुन्हा दुसऱ्या दिवशी.

घरी जेवणानंतर मोजतानाही दोन तास पहिल्या घासापासून. तुम्ही हात धुतल्यापासून मोजत असाल तर आकडे पुढेमागे होतात. शिवाय पोट भरलेलं असताना बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्त असते, 15-20 अंकांचा फरक सहज. पुरणपोळीनंतरचा 171 लॅबमध्ये 150 च्या आसपासही निघाला असता. उपाशीपोटी मात्र हा फरक नगण्य.

लॅबही चुकते हे सांगायला हवं. रक्त तसंच नळीत पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. म्हणून साखरेचा नमुना राखाडी बुचाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घेतात, आणि फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास लागतात. घरून नमुना नेणारा मुलगा दहा घरं फिरून लॅबला पोचणार असेल तर आकडा खाली येणार. साखरेसाठी स्वतः लॅबमध्ये गेलेलं बरं.

झाडीपट्टी

एचबीएवनसीबद्दल एक गोष्ट सुटली. ती चाचणी तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात हे धरून चालते. लोह कमी असेल तर आकडा साखरेपेक्षा वर दिसतो. पेशी लवकर मोडत असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल तर खाली. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल आहे, सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात (दोन्ही तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार). अशांनी फक्त एचबीएवनसीवर विसंबू नये, थेट साखर मोजावी. आणि कुणीही सोबत हिमोग्लोबिन करून घ्यावं. ते कमी असलं की बरेच मीटर साखर जास्त दाखवतात, खूप जास्त असलं की कमी. म्हणजे पंडुरोगात (हिमोग्लोबिन कमी असताना) मीटरही वर आणि एचबीएवनसीही वर असा दुहेरी चकवा बसू शकतो.

दूरदेशी

इकडे मीटरवर उपाशी 6.4 दाखवतो, काही कळत नाही. भारतातला मीटर मागवू का?

राखाडी_बूच

तुमचा मीटर मिलिमोल प्रति लिटरमध्ये दाखवतो, आमचा मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये. 18 ने गुणा. 6.4 म्हणजे 115. तुमच्याकडची 7.0 म्हणजे आमची 126. नवा मीटर नको.

वेताळटेकडी

खूप उपयोग झाला. पट्ट्यांची बाटली स्वयंपाकघरात ओट्याच्या वर असते, उघडून पाचेक महिने झाले. त्याने फरक पडतो? आणि दंडावर चिकटवायचा सेन्सर लावला तर सोक्षमोक्ष लागेल का?

राखाडी_बूच

ओट्याच्या वर वाफ आणि उष्णता दोन्ही. पट्टीवरचं एन्झाइम दोन्हींना भितं. बाटलीवर दोन मुदती असतात: छापील शेवटची तारीख, आणि उघडल्यानंतरची, जी ब्रँडनुसार तीन किंवा सहा महिने. उघडलेली तारीख पेनाने बाटलीवर लिहा. झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्टी काढली की लगेच झाकण लावा आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत कधीच काढून ठेवू नका. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे, दोन्हीकडे कपाटाचा खालचा कप्पा बरा. कंपनीचं कंट्रोल द्रावण (साखरेचं प्रमाण ठरलेलं, मीटर तपासायचं) मिळालं तर एक थेंब टाकून बघा, आकडा बाटलीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. कमी टोचणाऱ्याने 25 पट्ट्यांचं पाकीट घ्यावं. मीटर स्वस्त पडतो, पैसा पट्ट्यांवर जातो.

सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे. त्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा कमी आकडा येतो. कुठल्या जेवणाने किती चढते ते छान दिसतं, पण निदान त्यावर करत नाहीत. तुम्हाला आत्ता गरज नाही.

अनामिका

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी, कारण सगळ्यांचे आकडे 112 नसतात.

लहान मूल किंवा सडपातळ तरुण, अचानक तहान, बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू, वजन घटतंय आणि मीटरवर 200 च्या वर: त्याच दिवशी डॉक्टर, एचबीएवनसीची वाट बघायची नाही. साखर 250 च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय. मीटरवर आकड्याऐवजी 'हाय' उमटलं तर बहुतेक मीटरमध्ये त्याचा अर्थ 600 च्या वर. हात धुऊन एकदा पुन्हा बघा, तरी तेच आलं तर निघा.

गरोदर असाल तर वरच्या रेषा विसरा, तिथे मर्यादा बऱ्याच खाली आहेत. आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी 140 आलं तरी गर्भारपणातला मधुमेह धरतात. घरच्या मीटरवर ठरवू नका.

ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असताना साखर तात्पुरती चढते. डॉक्टरांना औषधांची यादी दाखवा, रक्तदाबाच्या काही गोळ्याही त्यात येतात. स्वतःहून कुठलीही बंद करू नका.

वेताळटेकडी

मग असं ठरवतो: नवी पट्ट्यांची बाटली, साडेनऊला जेवण, तीन दिवस नेहमीसारखं खाणं, चौथ्या दिवशी लॅबमध्ये उपाशी, 75 ग्रॅमनंतर दोन तास, एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. तोवर रोज टोचणं बंद. बरोबर?

राखाडी_बूच

बरोबर. मीटर सोबत न्या. उपाशी रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत बोट टोचून आकडा लिहून ठेवा. लॅब 108 आणि मीटर 121, तर फरक 12 टक्के, मीटर चालेल. लॅब 108 आणि मीटर 135 आला तर 25 टक्के, मग मीटर टाकायच्या आधी हात धुतले होते का ते आठवा आणि दुसऱ्या बाटलीतली पट्टी वापरून बघा. ही तुलना दोन तासांच्या नमुन्याशी करू नका, तेव्हा बोट आणि शीर मुळातच वेगळं दाखवतात. टोचायच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. आणि घरात कुणाची साखर बघायची असेल तर सुई नवी घ्याच, पण टोचणीही (सुई बसवायचं पेन) आपली-आपली वेगळी ठेवा. काविळीचा विषाणू त्यातूनही पसरतो.