वर्ष न छापलेली शॅम्पेन दुय्यम नसते

शॅम्पेन भेट द्यायची तर लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचं साल (वर्ष) छापलेलीच बाटली घ्या, बाकीच्या दुय्यम, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. बाकीच्या बाटलीवर साल नसतं कारण तिच्यात वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळलेल्या असतात, आणि शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्याची खरी ओळख याच मिश्रणातून ठरते. नियमाने ती किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते, सालवाली ३ वर्षं. फरक आहेच, पण म्हणून पहिली हलकी ठरत नाही.

लेबलवरच्या बारीक अक्षरांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. कडेला नोंदणी क्रमांकाआधी दोन अक्षरं असतात. 'आरएम' म्हणजे द्राक्षं पिकवणाऱ्यानेच वाइन बनवलेली. 'एनएम' म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारं घराणं. बहुतेक मोठी नावं यातलीच. 'एमए' दिसलं तर दुसऱ्याने बनवलेल्या मालावर दुकानाचं वगैरे नाव. दर्दी माणसाला 'आरएम' द्या, बाटली फिरवून फिरवून वाचत बसेल. साहेबांना द्यायची असेल तर ओळखीचं नावच बरं (खोका बघून मत बनवणारे कमी नाहीत). आणि केकबरोबर उघडणार असतील तर ब्रूट (कमी साखरेची) नको, गोडासोबत आंबट लागते. डेमी-सेक (गोडसर) घ्या, तिच्यात लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर असते.