नाला सरळ केल्यापासून वळणावरचा काठ तुटतोय, दगड टाकूनही थांबत नाही

वऱ्हाडी_वावर
नमस्कार मंडळी. मूर्तिजापूर तालुका, पूर्णेला मिळणारा नाला. काळी माती खोलवर, मुरूम लागतच नाही. खोलीकरणात वावराच्या खालच्या अंगाची 1000 मीटरची नागमोडी वाट 600 मीटर सरळ केली. एकूण उतार 2 मीटरच. आता वरच्या वळणावर धुरा (वावराचा बांध) तुटतोय. 6 ट्रॉल्या दगड काठावरून ढकलले, निम्मे दिसतही नाहीत. पुरात काठ टिकतो आणि पूर ओसरल्यावर कोसळतो, हे कसं? समोरच्या काठाला साचलेली रेती जेसीबीने काढली तर ताण कमी होईल का?

गाळ_आणि_गोटे
भाऊ, आधी तळ बघा, काठ नंतर. उतार 500 ला 1 होता, तो 300 ला 1 झाला. पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे तेवढ्याच खोलीला साधारण 29 टक्के जास्त. पाणी जो गोटा ढकलू शकतं त्याचं वजन वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं, म्हणजे इथे साडेचार पटींहून जास्त. असं पाणी आधी तळ खरवडतं. तळात पायरी पडते आणि ती पायरी दर पुरात वरच्या बाजूला सरकते. ती तुमच्या वळणापर्यंत पोचली, काठाची उंची वाढली, पाया उघडा पडला.

पूर असताना पाणीच काठाला टेकू देतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो, पण माती आतून चिंब आणि जड असते. त्यात उन्हाळ्यातल्या भेगा काठाला समांतर असल्या तर अख्खी लादी सुटते.

रेती काढू नका. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे जातं, तिथे खाली बुडतं आणि तळाची रेती घेऊन आतल्या काठाला येतं. पहिल्याच मोठ्या पुरात ढीग परत तिथेच. शिवाय गौण खनिजाची परवानगी लागते ती वेगळीच.

करायचं ते असं: वळणाच्या लगेच खाली गॅबियनचा (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला) बुटका बंधारा, माथा नाल्याच्या जुन्या तळाइतका, मधे 30 सेंमी खोलगट, दोन्ही टोकं काठात निदान 2 मीटर आत. खालच्या बाजूला दगडांचा पट्टा हवाच, नाहीतर पडणारं पाणी तिथे डोह करतं आणि जाळी खचते.

पिचिंगवाला
दगड बुडाले नाहीत, त्यांच्या फटींतून खालची माती निघून गेली. काळ्या मातीवर थेट दगड कधीच नको. काठ 2 आडवा 1 उभा असा उतरता करा, त्यावर जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) किंवा रेती आणि वर गिट्टी असे 15-15 सेंमीचे थर, मग दगड. पायथ्याला सगळ्यात खोल तळाच्याही खाली 1 मीटर चर खोदून तिथूनच दगड रचत वर या. गोटे नकोत, कोनदार दगड घ्या. ते एकमेकांत अडकतात. पिचिंगची, म्हणजे या दगडी अस्तराची, दोन्ही टोकं काठात वळवून घ्या, पाणी मागून शिरतं ते तिथूनच.

वऱ्हाडी_वावर
बंधारा आणि पिचिंग, दोन्ही समजलं. वर बांबू लावला तर?

गाळ_आणि_गोटे
बांबूची मुळं उथळ. 3 मीटर उंच काठाच्या पायथ्याला पाणी पोखरतं तिथवर ती पोचत नाहीत, उलट बेट वजनासकट नाल्यात येतं. उतारावर वाळा गवत लावा, दोन ठोंबांत 10 ते 15 सेंमी, पावसाच्या सुरुवातीला. करंज, बांबू काठापासून 4-5 मीटर आत. पण क्रम चुकवू नका: बंधारा, मग पायथा, मग गवत.