सापकांद्याला फूल येतं, पण कणीस का धरत नाही?

पाचोळा: पांढरा सापकांदा (कंदातून उगवणारी, नागाच्या फण्यासारखं फूल येणारी रानवनस्पती), आठ इंची कुंडीत, बियांपासून वाढवलेला. दोन वर्षं पहिल्या पावसात पानाआधी फूल येतं आणि मान टाकतं. लाल फळांचं कणीस एकदाही नाही. पाणी कमी पडतंय की खत?

दगडफूल: आधी फूल कुठलं ते बघा. लहान कांद्याला नर फुलं येतात, पोसलेल्याला मादी. एकदा फळं धरून कांदा थकला, तर पुढच्या वर्षी पुन्हा नरही येऊ शकतं. फण्याची, म्हणजे दांड्याभोवतीच्या आवरणाची, नळी जरा उघडून दांड्याचं बूड पाहा: पराग सांडणारे विरळ, बारीक गोंडे असले तर नर, हिरवे दाणे एकमेकांना खेटून बसलेले असले तर मादी. मादी निघाली तरी एकट्या कुंडीत उपयोग नाही, त्याच दिवसांत फुललेला नर शेजारी हवा. एरवी पराग नेतात ती बारीक चिलटं. घरी मऊ ब्रशने ताजे पराग दाण्यांवर फिरवा.

ओलसावली: कांदा पोसतो तो फूल गेल्यावर येणाऱ्या छत्रीसारख्या पानावर. ते पान गोगलगायीने खाल्लं की वर्ष वाया. कुंडीचं मिश्रण: दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू. मुळं कांद्याच्या डोक्याकडून फुटतात, म्हणून कांद्यावर तीन इंच माती हवीच. बरेच जण वरवर लावतात आणि झाड आडवं होतं. ऊन सकाळचं, तेही गाळलेलं. पान पिवळं पडलं की पाणी बंद, थेट पुढच्या पावसापर्यंत. कांदे कुजतात ते हिवाळ्यात "थोडा ओलावा असू दे" म्हणून घातलेल्या पाण्याने.

दगडफूल: +१. कणीस धरलंच तर हातमोजे घालून गर धुऊन बी पेरा. गर खाजतो आणि तो राहिला तर बी रुजायला अडतं.

काकडं: शेवळं (पावसाळी रानभाजी) याच दिवसांत, तशीच पानाआधी उगवतात. शेवळाचा फणा तांबूस-जांभळट, सापकांद्याचा पांढरा आणि पुढे झुकलेला. खात्री नसेल तर भाजीला खुडू नका. सापकांद्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी घसा धरतो, आणि शेवळातली खाज मारायला घालतात ती काकडं (आंबट रानफळं) इथे पुरतील असं धरून चालू नका.

ओलसावली: आणखी कांदे हवे असतील तर बियांपासूनच करा. अभयारण्यातून परवान्याशिवाय उपटणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.