संत्रा बागेवर लिहिणाऱ्याचं वय बघावं का?

काटोल रोड: संत्र्यावर तरुण माणसानं लिहिलं की वाचणारे आधी विचारतात, "वय काय तुझं?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या) ताणावर, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडण्यावर, लेख असेल तर लिहिणाऱ्यानं जमीन कोणती ते सांगितलं का, एवढं बघा. हलक्या जमिनीत ताण 30-35 दिवसांचा, भारी काळ्यात 55-60. जो सरसकट "महिनाभर पाणी तोडा" लिहितो, तो विशीतला असो की सत्तरीतला, त्याचं ऐकून भारी जमिनीत ताण अर्धवट बसतो अन् फुलांऐवजी नवती (नुसती कोवळी पालवी) निघते.

जुनी बाग: नाही पटलं भाऊ. ताण एका हंगामात कळतो, खुंट (ज्या मुळाच्या झाडावर संत्र्याचं कलम बांधतात ते) कळत नाही. फळं धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात, बाग चालते 20-25 वर्षं. जंबेरी या लिंबाच्या खुंटावरचं झाड सुरुवातीला जोमानं वाढतं, म्हणून नवखा त्याची स्तुती करतो. पण जंबेरी मूळकुजीला लवकर बळी पडते. डोळा (कलमाचा जोड) जमिनीलगत बांधलेला असेल तर डिंक्याही (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो, अन् हे दिसतं झाड फळांनी लदल्यावर. पंचविशीच्या मुलानं लागवडीपासून उपटण्यापर्यंतची बाग पाहिलेली असणंच शक्य नाही. वाचकाला हे कळायला नको?

नरखेडची काळी माती: पाहिलं किती अन् जगलो किती, हे वेगळं आहे. खोडाला पाणी लागेल असं एकच आळं (झाडाभोवतीचा पाण्याचा खड्डा) करायची सवय वर्षानुवर्षं चालली, डिंक्या त्यातूनच पसरला. आतल्या आळ्यात माती चढवून खोड कोरडं ठेवायचं, पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचं, ही दुहेरी आळ्याची पद्धत सांगणारा तरुण असला म्हणून काय बिघडलं? ताणासाठी मुळ्या उघड्या करा म्हणणारे अजून आहेत. त्यात तंतुमुळं तुटतात. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये बंदी घातली, तरी जुन्या लेखांत ते वाचायला मिळतं. जन्मतारीख नको, लेखाची तारीख बघा.

जुनी बाग: तारीख हवी, मान्य. पण ताण कधी तोडायचा ते कॅलेंडर सांगत नाही. 25-30 टक्के पानं गळली की पाणी द्यावं. हलक्या जमिनीत त्यापुढे ओढलं तर फांद्या वाळतात. ही नजर वर्षांनीच येते.

काटोल रोड: मग ती नजर तुम्ही आताच लिहिली, तशी सगळ्यांनी लिहावी. डिंक्यासाठी खोडाला लावायच्या बोर्डो मलमाचंच घ्या. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, लोखंडी भांडं अजिबात नको. मिसळल्यावर स्वच्छ लोखंडी पातं बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी खोडाला तीन फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा. पात्याची खूण दिली की वाचक स्वतः पारखू शकतो, लिहिणाऱ्याचं वय कशाला लागतं?

नरखेडची काळी माती: लेखाच्या डोक्यावर जमीन, खुंट अन् पाणी ठिबकनं की आळ्यानं, एवढं द्यावं. बस.

जुनी बाग: त्यात लागवडीचं साल घाला, मग वय नाही दिलं तरी चालेल. मलमाची कसोटी पात्यावर लागते, खुंटाची लागत नाही. तीन वर्षांच्या बागेवरून कोणी खुंटाबद्दल छातीठोक लिहिलं, तर मी तरी त्यावर कलमं घेणार नाही.